भीमराजची सरकारी गाठ

पाथर्डीच्या एसटी स्टँडाबाहेर लिंबाखाली जीपा लागायच्या, त्या काळात भीमराज भिंगारदिवे याच्याइतकी माणसं एका गाडीत बसवणारा दुसरा ड्रायव्हर तालुक्यात नव्हता. कंपनीनं जीप बांधताना काय हिशोब धरला असेल तो असो, भीमराजचा हिशोब वेगळा होता. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर माणसं भरली की मधल्या जागेत पोरं आणि पिशव्या, मागच्या पायरीवर दोन तगडे गडी, टपावर बोचकी आणि बोचक्यांवर त्यांचे मालक. भीमराज स्वतः निम्मा सीटवर आणि निम्मा दाराबाहेर असा बसून गाडी हाकायचा. आत चेंगरलेली एखादी म्हातारी ओरडायची, "आरं मेल्या, श्वास घ्यायला तरी जागा ठिव!" भीमराज मागं न बघताच सांगायचा, "आज्जे, करंजीला चार उतरत्यात. तवर निम्मा निम्मा घ्या."

रांगेत त्याच्या पुढं नाहीतर मागं गनीभाई शेख यांची जीप असायची. गनीभाई वयानं मोठे, दाढीला मेंदी, गाडीला पडदे. ते टपावर माणूस घ्यायचे नाहीत, पायरीवर घ्यायचे नाहीत आणि काच पुसल्याशिवाय किल्ली फिरवायचे नाहीत. करंजीचा घाट ते इतक्या बेतानं उतरायचे की मागच्या ट्रकवाल्यांना जांभया याव्यात. या दोघांचं बोलणं बंद होतं. कारण झालं तिसगावचं एक वऱ्हाड. वऱ्हाड गनीभाईंच्या नंबराला उभं होतं. भीमराजनं नवरदेवाच्या मामाला तंबाखू मळून दिली, दोन गोष्टी सांगितल्या आणि बघता बघता नवरदेवासकट सगळं वऱ्हाड आपल्या जीपमध्ये कोंबलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त हॉर्ननं बोलायचे. भीमराजचा हॉर्न दोनदा तुटक वाजला की 'निघा की आता', आणि गनीभाईंचा लांबलचक वाजला की 'रस्ता तुझ्या बापाचा हाय का'. स्टँडावरच्या चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना ही भाषा समजायची.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात भीमराजच्या डाव्या पोटरीत सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय, आणि जीपचा क्लच कधीचा जड झालेला. तेव्हा दोष क्लचचा, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. त्यानं नगरला जाऊन क्लच प्लेट बदलून घेतली. क्लच लोण्यासारखा मऊ झाला, पण गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली. मग सीट पुढं सरकवून पाहिली. मग चपला टाकून बूट घातले. आई कलाबाई रोज तिळाच्या तेलानं पोटरी रगडायची आणि म्हणायची, "कमी झाल्यावानी वाटतीय." आईला बरं वाटावं म्हणून तोही म्हणायचा, "वाटतीय."

त्याची बायको यशोधरा बालवाडीची बाई. पोरानं पाटीवरची पेन्सिल खाल्ली की नाही हे ती नुसतं तोंड बघून सांगायची. नवऱ्याचं पाय लपवणं तिच्या नजरेतून सुटणार कसं?  एक दिवस म्हणाली, "अहो, उद्या माझी नगरला मीटिंग आहे. पुढच्या शिटावर जागा ठेवा."

नगरला पोचल्यावर शिटं उतरली आणि भीमराजनं विचारलं, "कुठं सोडू?" तिनं सांगितलं त्या गल्लीत गाडी घातली, तर समोर सर्जनची पाटी.

"अगं, हा तर दवाखाना हाय."

"मीटिंग इथंच आहे. तुमच्या पायाची."

"तिकडं पाथर्डीची शिटं थांबली असत्याल."

"थांबू दे. नाहीतर एसटीनं जातील."

एसटीनं जातील हे वाक्य भीमराजच्या जिव्हारी लागलं, पण बाई गाडीची किल्ली पर्समध्ये टाकून पायऱ्या चढूनसुद्धा गेल्या होत्या.

नगरचे सर्जन सावध माणूस. त्यांनी गाठीला एकदम हात घातला नाही. बारीकसा तुकडा काढून तपासायला पुण्याला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, की याला सायनोव्हियल सार्कोमा म्हणतात, हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे, पण फार दुर्मीळ. "मी इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय, मला स्वतःला हा पहिल्यांदाच भेटतोय."

यशोधराच्या कानात कॅन्सर हा शब्द शिरला आणि तिथंच बसला. भीमराजच्या कानात दुर्मीळ शिरला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "म्हंजे अख्ख्या तालुक्यात मी एकटाच?" तिनं त्याचा हात धरला, आणि नगरच्या भर रस्त्यात बायकोनं हात धरल्यावर मात्र प्रकरण साधं नाही हे त्याला कळलं.

स्टँडावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. सार्कोमा हा शब्द चहाच्या टपरीवर आला तेव्हा सरकोमा झाला होता, आणि दोन दिवसांत 'सरकारी' झाला. "भीमराजला सरकारी गाठ झालीय म्हनं." भीमराजलाच ते नाव आवडलं. "सरकारी म्हंजे लवकर हलायची न्हाई," तो सांगायचा, "हेलपाटे मारावं लागत्यात." गनीभाई यावर चहावाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या मानसानं आजारबी नंबर तोडून मिळवला."

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोटरीचं ऑपरेशन झालं. गाठीबरोबर भोवतालचं चांगलं मांसही बरंच काढलं, पण पाय राहिला. मग कित्येक आठवडे मशीनखाली किरणांचा शेक घेतला. पोटरी एका बाजूनं खोबणीसारखी आत गेली आणि भीमराज चालताना किंचित झुलू लागला. पुढच्या वर्षी तो जीप घेऊन पुन्हा लिंबाखाली आला, तेव्हा नंबर गनीभाईंचा होता. गनीभाईंनी हॉर्न वाजवला नाही. गाडी चालू केली, मुकाट्यानं मागं घेतली आणि जागा रिकामी करून दिली. भीमराजनं ती घेतली, पण तोंडानं काही बोलला नाही. बोलायचं तर सुरुवात वऱ्हाडापासून करावी लागली असती.

दर काही महिन्यांनी पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढावा लागे. "दुखनं पायात आनि फोटो छातीचा?" भीमराज प्रत्येक वेळी कुरकुरायचा. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की या गाठीची एक खोड आहे. तिचा एखादा कण रक्तात सुटला की तो बहुतेक फुफ्फुसात जाऊन अडकतो आणि तिथं वाढायला लागतो. भीमराज मान हलवायचा, शर्ट काढायचा, थंडगार पत्र्याला छाती लावून श्वास रोखायचा. फोटो दर वेळी स्वच्छ यायचा. यायचा, यायचा आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर आला नाही. उजव्या फुफ्फुसात दोन ठिपके दिसत होते. मोठ्या स्कॅनमध्येही तेच दोन. डॉक्टर म्हणाले, छातीच्या सर्जनना दाखवा, ऑपरेशन करावं लागेल.

या वेळी भीमराजनं विनोद केला नाही. पाय ही गोष्ट वेगळी. पाय समोर दिसतो, धरता येतो, नसला तरी माणूस राहतो. छाती उघडायची म्हणजे काय, हे त्याला कळेना. यशोधरानं तारीख विचारली की तो म्हणायचा, "बघू सीझन झाल्यावर." ऊसतोडीला गेलेली माणसं परत यायच्या दिवसांना तो सीझन म्हणायचा, आणि ते दिवस अजून लांब होते. कलाबाई तेलाची बाटली हातात घेऊन बसायची; पण छातीच्या आतलं कुठून रगडायचं ते तिलाही सुचेना.

एका सकाळी स्टँडावर एक नवलाची गोष्ट घडली. भीमराजच्या जीपमध्ये मागच्या बाकांवर तेवढी माणसं बसली होती, पायरी मोकळी, टप मोकळा. आणि भीमराज गाडी चालू करून निघाला. हातातली पिशवी उंच धरून एक माणूस मागं पळत होता, "ड्रायव्हर, थांबा, हाय जागा!" म्हणून ओरडत होता. भीमराज थांबला नाही. चहावाल्याचा हात गाळणीवर तसाच राहिला. हमाल बिडी पेटवायचा विसरला. भीमराज जागा ठेवून निघाला, म्हणजे आता काही खरं नाही, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं.

त्या दिवशी दुपारी गनीभाई भीमराजच्या घरी आले. वस्तीवर त्यांचं पाऊल आधी कधी पडलं नव्हतं. भीमराज खाटेवर बसला होता. गनीभाईंनी त्याच्याकडं पाठ केली आणि दारात गहू निवडणाऱ्या यशोधराला म्हणाले, "भाभी, मी ह्याच्याशी बोलायला आलेलो न्हाई. तुमच्याशी बोलायला आलोय."

"बसा की भाई."

"ह्याला सांगा, पुन्याला कवा जायचं ते ठरवून टाक. गाडी मी घालतो."

भीमराज खाटेवरून म्हणाला, "यशोधरा, त्यांना सांग, त्यांच्या गाडीनं निघालो तर पोचस्तोवर डॉक्टर रिटायर व्हतील."

"भाभी, सांगा त्याला, लवकर पोचायची घाई असंल तर मंग इतके दिवस घरात काय अंडी उबवतोय का?"

यशोधरा गव्हातला खडा हातात धरून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांकडं तोंड करून भांडा. मी चहा ठेवते."

ती आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मग भीमराज हळू आवाजात म्हणाला, "भाई, मला भ्या वाटतंय."

गनीभाई वळले. खाटेच्या कडेवर टेकले. "वाटनारच की. मला तर करंजीचा घाट रोज उतरताना वाटतं. म्हनून तर सावकाश चालवतो."

इतकी वर्षं जिला तो भित्रेपणा म्हणून हसत आला होता, ती गोष्ट गनीभाईंनी आपणहून कबूल केली, आणि भीमराजला एकदम हलकं वाटलं. वऱ्हाडाचा विषय कुणी काढला नाही. तो त्या चहाबरोबरच संपला.

पुण्याला निघाले तो दिवस यशोधरा पुढं कितीतरी जणांना हसत हसत सांगायची. गनीभाई चालवतायत, शेजारी भीमराज, मागं ती आणि कपड्यांची पिशवी. भिंगारच्या अलीकडं एका बैलगाडीला गनीभाईंनी इतका वेळ वाट दिली की बैलगाडीवाल्यालाच संकोच वाटून त्यानं बैल बाजूला घेतले. सुपा आलं, तसा भीमराजचा धीर सुटला. रस्त्याच्या कडेला दोन बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यानं सवयीनं डोकं बाहेर काढलं आणि आरोळी ठोकली, "शिरूर, शिरूर! चला मावशी, मोकळी गाडी!"

"आरं, आपन दवाखान्यात चाललोय!" गनीभाई ओरडले.

"मंग? शिरूर वाटंतच हाय."

बायका चढल्या. पुढं एक मास्तर चढले. रांजणगावाला एक नवंनवं जोडपं चढलं. वाघोलीला पोचेपर्यंत गनीभाईंच्या तत्त्वाची गाडी गच्च भरली होती आणि मास्तर यशोधराला विचारत होते, "पेशंट कोण आहे म्हणालात?" तिनं पुढं बोट दाखवलं. पेशंट दाराबाहेर लोंबकळून गिऱ्हाइकं शोधत होता.

इस्पितळात छातीच्या सर्जनच्या दारावर पाटी होती: डॉ. रंगनाथ आंधळे. भीमराजनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि गनीभाईंना कोपरानं ढोसलं. "भाई, छाती फाडनार आंधळे." दोघंही हसू दाबून आत गेले. डॉक्टर उंच, काटकुळे, पाथर्डी तालुक्यातल्याच खरवंडीकडचे निघाले. त्यांनी फाइलवरून नजर न काढता सांगितलं, "आडनावावर हसून झालं असेल तर शर्ट काढा."

त्यांनी छाती ठोकून पाहिली, पाठ ऐकली, स्कॅन उजेडाला लावलं. मग खुर्ची ओढून भीमराजच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली आणि बोलीत आले.

"हे बघ. पायातली गाठ गेली, तिथं परत काही न्हाई. दुसरीकडं कुठं पसरलं न्हाई. फुफ्फुसात जे हाय ते थोडं हाय आणि कडंला हाय. असं असलं तर काढण्यात अर्थ असतो. सगळीकडं पेरल्यासारखं झालं असतं तर मी हात लावला नसता."

"काढलं की बरा व्हतो का मी?"

"छातीठोक सांगणारा डॉक्टर दुसरा बघ. मी छाती उघडणारा हाय. काही लोक वर्षानुवर्षं चांगले राहतात. काहींना परत येतं. परत आलं तर परत बघू. नाही काढलं तर काय होईल, ते मात्र मी सांगू शकतो."

ते त्यांनी सांगितलं नाही आणि भीमराजनं विचारलं नाही. त्यानं विचारलं ते वेगळंच. "फुफ्फुस कापल्यावर श्वास कमी पडंल का?"

"थोडासा तुकडा जाईल. तुला दोन फुफ्फुसं दिलीत ती काय टपावर ठेवायला?"

मग दमाची परीक्षा झाली. नळीत फुंकून झालं, आणि एका शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं की आता न थांबता जिने चढायचे, मी मागून येतो. सोबत म्हणून गनीभाईही निघाले. भीमराज झुलत झुलत, शिकाऊ डॉक्टरला त्याचं गाव, लग्न, पगार विचारत वरच्या मजल्यावर पोचला. मागं वळून बघतो तर गनीभाई दोन मजले खाली कठड्याला धरून उभे, तोंडाचा आ झालेला. शिकाऊ डॉक्टर खाली पळाला. त्यानं गनीभाईंची नाडी धरली, खिशातलं बिडीचं बंडल पाहिलं आणि म्हणाला, "काका, ऑपरेशन त्यांचं आहे, पण काळजी मला तुमची वाटतेय." गनीभाईंचाही छातीचा फोटो काढला. तो धुऊन येईपर्यंत ते बाकावर तसबीहचे मणी फिरवत बसले होते, आणि भीमराज शेजारी बसून त्यांना सांगत होता, "भ्याचं न्हाई भाई. नुसतं श्वास रोखायचा आनि सोडायचा." फोटो स्वच्छ आला. बंडल गनीभाईंनी तिथल्याच बादलीत टाकलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भीमराजला स्ट्रेचरवरून आत नेलं. वर गोल दिव्यांचा घोस होता. आंधळे डॉक्टर तोंड बांधून उभे होते. नुसते डोळे दिसत होते. "काय भीमराज, भरली का गाडी?" त्यांनी विचारलं. भीमराजला म्हणायचं होतं, अजून एक बसतोय. पण जीभ जड झाली आणि पुढचं त्याला काही आठवत नाही.

आत काय झालं ते त्याला नंतर कळलं. उजव्या कुशीवर पाठीपासून पुढं काप घेऊन, बरगड्यांच्या फटीतून डॉक्टर आत गेले. त्या बाजूचं फुफ्फुस भूल देणाऱ्या बाईंनी हवा काढून गप्प बसवलं होतं. स्कॅनमध्ये दिसलेले दोन ठिपके कडेच्या तुकड्यासकट काढून झाले. तरी डॉक्टरांनी टाके घ्यायची घाई केली नाही. रिकाम्या फुफ्फुसावरून ते बोटं फिरवत राहिले, उशीतली सरकी शोधावी तशी. आणि मागच्या बाजूला, मशीनला न दिसलेलं, ज्वारीच्या दाण्याएवढं तिसरं हाताला लागलं. तेही काढलं.

"म्हंजे डोळ्यांनी न्हाई, चाचपून काढलं?" भीमराजनं चौथ्या दिवशी विचारलं.

"चाचपून," डॉक्टर म्हणाले. "आता हस."

पण हसणंच जमत नव्हतं. हसलं की टाके ओढायचे, खोकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ते दिवस खरंच वाईट गेले. कुशीतून एक नळी निघून खाली पाण्याच्या बाटलीत गेली होती आणि भीमराज खोकला की बाटलीत बुडबुडे यायचे. "रेडिएटर तापलाय," तो कण्हत म्हणायचा. बुडबुडे थांबले की फुफ्फुसाचं छिद्र बुजलं असं समजायचं, असं सिस्टरनं सांगितल्यापासून यशोधरा त्या बाटलीकडं दुधावर नजर ठेवावी तशी बघत बसायची.

फुफ्फुस पुन्हा फुलावं म्हणून दिवसातून कितीतरी वेळा फुगे फुगवायला सांगितले होते. पहिल्या दिवशी भीमराजनं फुगा तोंडाला लावला, एक फुंकर मारली आणि वेदनेनं तो फेकून दिला. यशोधरानं तो उचलला, पुसला आणि बालवाडीतल्या आवाजात म्हणाली, "कोण फुगवणार? कोण शहाणं बाळ?"

"यशोधरा, वार्डात मानसं हायत."

"शहाणं बाळ कोण?"

पलीकडच्या खाटेवर सोलापूरचे एक पैलवान पडून होते, त्यांचीही छाती शिवलेली. त्यांनी मुकाट्यानं हात वर केला. मग रोज दुपारी वार्डात तिचा वर्ग भरायला लागला. फुगा फुगवणाऱ्याला टाळ्या, न फुगवणाऱ्याला गाणं म्हणायची शिक्षा. आठवड्यात खाटांच्या दांड्यांना इतके फुगे लटकले की राउंडला आलेल्या आंधळे डॉक्टरांनी दारात थांबून विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

भेटायच्या वेळी मात्र घोटाळा व्हायचा. गनीभाई यायचे, स्टँडावरची बातमी सांगायचे. भीमराजची जीप त्यांच्या पुतण्याकडं, फैयाजकडं होती आणि तो टपावर माणसं घ्यायला शिकला होता, याचं त्यांना दुःख होतं. ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की भीमराजला हसू आवरायचं नाही. तो उशी छातीशी आवळून रडत रडत हसायचा. शेवटी सिस्टरनं दोन दिवस गनीभाईंना आत सोडलं नाही. ते बाहेरच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. नुसता त्यांचा चेहरा दिसला तरी भीमराज उशी शोधायचा.

बाटलीतले बुडबुडे थांबले, नळी निघाली, आणि भीमराज फुगे तिथल्या सगळ्यांना वाटून घरी आला. पुढची दीड वर्षं फोटो स्वच्छ आले. मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात डाव्या बाजूला एक ठिपका दिसला. यशोधरा स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ भांडी उगाच आदळत राहिली. भीमराज स्टँडावर गेला आणि चहावाल्याला म्हणाला, "डाव्या बाजूचं राह्यलं हुतं. तेबी उघडून घेतो, म्हंजे दोन्ही दारं सारखी." पण तो चहा त्यानं तसाच निवू दिला, हे गनीभाईंनी पाहिलं. त्यांनी गाडीची काच पुसायला घेतली.

दुसऱ्या वेळी त्याला सगळं ठाऊक होतं. वार्डात नवीन आलेल्यांना उशी कशी धरायची, खोकायचं कधी आणि कुठल्या सिस्टरला घाबरायचं, ते तो सांगत होता. शेवगावकडची बायडाबाई म्हणून एक आजी, तिची गाठ दंडातून छातीत गेलेली, ती दोन दिवस जेवत नव्हती. भीमराज नळी-बाटली हातात घेऊन तिच्या खाटेशी गेला. "आज्जे, खाऊन घ्या. आत कापताना पोट रिकामं असलं की डॉक्टरलाच भूक लागती." आजीनं त्याला एक शिवी दिली आणि भाकरी खाल्ली.

त्याचं स्वतःचं ऑपरेशन नीट झालं होतं. या वेळी आंधळे डॉक्टरांनी बराच वेळ चाचपलं आणि काही जादा सापडलं नाही. घरी जाताना ते यशोधराला म्हणाले, "दर तीन महिन्यांनी यायचं. पुन्हा येणारच नाही असं मी म्हणत नाही."

"आलं तर आम्ही पण येऊ," ती म्हणाली.

वाटभर ती गिअरच्या दांड्याकडं बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मला गाडी शिकवा."

"कशाला?"

"पुन्हा पुण्याला न्यायची वेळ आली तर मला कुणाची वाट बघायची नाही. भाईंना पण आता रात्रीचं दिसत नाही."

 पाथर्डीत बाईनं जीप चालवलेली कुणी पाहिली नव्हती. पण त्याचा डावा पाय लांबच्या फेरीला हल्ली थकायचा आणि बायकोनं एकदा ठरवलं की ठरलं, हे दोन्ही त्याला माहीत होतं.

नव्व्याण्णवच्या थंडीत, बाजार नसलेल्या दिवशी, बाजारतळाच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी जीप बेडकासारख्या उड्या मारत कोंडवाड्याच्या भिंतीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी यशोधरानं भाजीवाल्यांचा एक ओटा घासला. भीमराज शेजारी बसून "क्लच, क्लच, क्लच" करत होता. ती म्हणाली, "एकदाच सांगा. मी पोरांना अ, आ, इ असं ओरडून शिकवत नाही." कलाबाईला घरी करमेना म्हणून ती मागं बाकावर येऊन बसायची आणि गाडी उसळली की म्हणायची, "आता जमल्यावानी वाटतंय."

एका रविवारी सकाळी गनीभाईही बघायला आले, खिशात भाजलेल्या शेंगा घेऊन. यशोधरानं मैदानाच्या दोन चकरा नीट मारल्या, गाडी गनीभाईंपाशी थांबवली आणि शेजारच्या भीमराजला म्हणाली, "उतरा आता."

"का?"

"तुम्ही शेजारी असलात की मला तुमचाच आवाज येतो, गाडीचा येत नाही."

भीमराज उतरला. जीप सरळ गेली, वळली, पुन्हा आली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. भीमराजनं हात वर करून "बास" केलं, तशी जीप त्याच्यासमोरून गेली, बाजारतळाच्या तोंडाशी क्षणभर थांबली, यशोधरानं दोन्हीकडं बघितलं आणि गाडी तिसगावच्या रस्त्याला लागली.

भीमराज दोन पावलं पळाला आणि थांबला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं बघत उभे होते.

"म्हातारी आत हाय का?" गनीभाईंनी विचारलं.

"हाय."

"मंग काळजी न्हाई. ती रस्ता सांगंल." गनीभाई भाजीवाल्यांच्या ओट्यावर टेकले आणि त्यांनी मूठभर शेंगा भीमराजपुढं केल्या.